आयएस की मोठं अपर्चर? निकाहचे फोटो काढणाऱ्या पोरांसाठी लेन्सचं गणित

शव्वाल लागला की आमच्या सोलापुरात निकाहांची रांग लागते. हॉलवाल्यांना फुरसत नसते, बिर्याणीवाल्यांना नसते, आणि आता फोटो काढणाऱ्या पोरांनाही नसते. बी.कॉम. झालेला, आयटीआय केलेला, नोकरीची वाट बघणारा पोरगा एखादा जुना डीएसएलआर घेतो, नात्यातल्या दोन शाद्या फुकट करतो आणि तिसरीपासून ऑर्डर घ्यायला लागतो. धंदा वाईट नाही. पण यात पैसे कॅमेऱ्यापेक्षा लेन्समध्ये जातात, आणि लेन्स चुकली की घरच्यांचे पैसे अडकतात.

माझ्या भाच्याचं असंच झालं, आणि त्यात चूक माझी होती. म्हणून हा लेख.

आपाची भिशी लागली होती. त्या पैशातून भाच्याला लेन्स घ्यायची होती. सेकंडहँड बाजारात त्याला दोन लेन्स मिळत होत्या, दोन्हींची किंमत जवळपास सारखीच. एक होती १८-१३५ एफ/३.५-५.६ आयएस. दुसरी १७-५० एफ/२.८, पण तिच्यात स्टॅबिलायझर नव्हता. पोरगा माझ्याकडं आला. "मामू, कोणती घेऊ?" मी विज्ञान शिकवतो, घरात माझ्या शब्दाला वजन आहे. मी बिनधास्त सांगितलं, "आयएसवाली घे. हॉलमध्ये उजेड कमी असतो, हात हलतो. आयएस असला की फोटो हलणार नाही. आणि झूमही लांब जाते."

पंधरा दिवसांनी माझ्या चुलत बहिणीच्या मुलीचा निकाह होता. संध्याकाळचा कार्यक्रम, पिवळे बल्ब, स्टेजवर चार दिवे. फोटो भाच्यानंच काढले. दुसऱ्या दिवशी लॅपटॉपवर बघायला बसलो. हॉलचं झुंबर एकदम साफ. मागचा पडदा साफ, त्याच्यावरची झालर मोजून घ्या. खुर्चीवर टेकून बसलेले मुलीचे नाना, म्हणजे माझे चाचा, त्यांच्या दाढीचा केस न् केस दिसत होता. आणि रुखसतीच्या वेळी लेकीला गळ्याशी धरणारे दुलाभाई? नुसतं धुकं. चेहऱ्याच्या जागी एक पुसलेला डाग. निकाहनाम्यावर सही करणारा दुल्ह्याचा हात म्हणजे तीन हात. छुहारे वाटतानाच्या फोटोत तर एकही चेहरा ओळखू येत नव्हता.

भाचा रडकुंडीला आला. "मामू, आयएस चालू होता. मी तपासलं होतं." आपा एवढंच म्हणाली, "तूच म्हणाला होतास ना, फोटो हलणार नाही म्हणून?"

आयएस चालूच होता आणि त्यानं त्याचं काम चोख केलं होतं. चुकीचं होतं ते मी त्याच्याकडून ठेवलेलं अपेक्षेचं ओझं.

फोटो दोन कारणांनी हलतो

पहिलं कारण, कॅमेरा धरणाऱ्याचा हात हलतो. दुसरं, समोरचा माणूस हलतो. पहिल्यात अख्खा फोटो हलतो, भिंतीसकट. दुसऱ्यात भिंत साफ राहते आणि फक्त माणूस पुसला जातो. आपले हललेले फोटो उघडा आणि आधी मागची भिंत बघा. निम्मं निदान तिथंच होतं.

आयएस म्हणजे इमेज स्टॅबिलायझर फक्त पहिल्या कारणावर इलाज करतो. लेन्सच्या आत छोटे जायरो सेन्सर असतात, ते हाताची थरथर मोजतात. आत भिंगांचा एक गट असा बसवलेला असतो की तो बाजूला सरकू शकतो. हात उजवीकडं झुकला की विद्युतचुंबकाच्या जोरावर तो गट असा सरकतो की सेन्सरवर पडणारी प्रतिमा जागच्या जागी राहते. एसटीत उभ्यानं चहाचा कप सांभाळतो ना आपण, बस इकडं झुकली की हात तिकडं जातो, तसंच. पण समोरच्या सीटवरचा माणूस हलला तर तुमच्या कप सांभाळण्यानं तो थांबणार आहे का?

हे तंत्र फार जुनं नाही. सुटी बदलता येणारी, स्टॅबिलायझर असलेली पहिली एसएलआर लेन्स कॅननची होती, ७५-३०० मिलिमीटरची, १९९५ साली आलेली. तेव्हा फायदा साधारण दोन स्टॉपचा होता. (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा.) पुढं लेन्सऐवजी कॅमेऱ्यातला सेन्सरच हलवायची पद्धत आली. २०२० मध्ये तर कॅननच्या एका कॅमेऱ्यासाठी ठरावीक लेन्सबरोबर आठ स्टॉपपर्यंतचा दावा केला गेला. हे आकडे खोटे नाहीत. पण दोन काय नि आठ काय, हा हिशोब फक्त धरणाऱ्याच्या हाताचा आहे.

आता अपर्चर. अपर्चर म्हणजे लेन्समधून उजेड आत येण्याचं छिद्र, डोळ्याच्या बाहुलीसारखं लहानमोठं होणारं. दहावीच्या विज्ञानात भिंगांचा धडा आहे, त्यात नाभीय अंतर येतं. त्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासानं भागलं की एफचा आकडा मिळतो. म्हणून आकडा लहान तितकं छिद्र मोठं. इथं पुष्कळजण गोंधळतात. वर्गात मी भाकरीचं उदाहरण देतो, दोघांत वाटली तर वाटा मोठा, आठांत वाटली तर लहान. ५० मिलिमीटरची लेन्स एफ/१.८ ला असेल तर छिद्र साधारण २८ मिलिमीटरचं, एफ/५.६ ला असेल तर जेमतेम ९ मिलिमीटरचं. व्यास तिप्पट, म्हणजे क्षेत्रफळ नऊ-दहा पट, म्हणजे उजेडही तितकाच जास्त.

उजेड जास्त आला तर काय फायदा? बादली भरायची आहे. नळ बारीक असेल तर बराच वेळ सोडून ठेवावा लागतो, मोठा असेल तर पटकन भरते. नळ सोडून ठेवायचा वेळ म्हणजे शटर स्पीड. शटर जितका वेळ उघडं, तितका वेळ समोरच्याला हलायला मोकळीक.

त्या संध्याकाळचा हिशोब

लॅपटॉपवर प्रत्येक फोटोची माहिती दिसते. रुखसतीचा फोटो बघितला. आयएसओ १६००, एफ/५.६, शटर १/२० सेकंद, झूम १०० मिलिमीटर. नानांचा फोटोही जवळपास त्याच आकड्यांवर.

हातात धरून फोटो काढायचा जुना ठोकताळा असा, की शटर निदान 'एक भागिले नाभीय अंतर' एवढं वेगवान हवं. भाच्याचा कॅमेरा लहान सेन्सरचा, त्यात नाभीय अंतराला १.६ नं गुणायचं. म्हणजे १०० मिलिमीटरला १/१६० हवं. त्यानं काढलं १/२० ला, तीन स्टॉप खाली. तरी नानांची दाढी साफ आली, ती आयएसची कमाल. त्या लेन्सनं एक पैसाही खोटा घेतला नाही. फक्त नाना स्वस्थ बसले होते आणि दुलाभाई हुंदके देत होते. सेकंदाच्या विसाव्या भागात हुंदका देणारा माणूस हलतोच.

आता त्याच उजेडात एफ/२.८ असतं तर? दोन स्टॉप जास्त, म्हणजे उजेड चौपट, शटर १/८०. एफ/१.८ असतं तर जवळपास १/२००. मिठी मारणारी, चालणारी माणसं पकडायला १/२०० च्या आसपास लागतं. बोलणाऱ्या, सही करणाऱ्याला १/१२५ पुरतं. नुसतं बसलेल्याला १/६०. पळणाऱ्या पोरांना १/५०० सुद्धा कमी पडतं.

आणि यातला खरा मुद्दा मला फार उशिरा कळला. ५० मिलिमीटरच्या लेन्सला त्या कॅमेऱ्यावर हाताच्या ठोकताळ्यानं १/८० लागतं. माणसं हलतात म्हणून तुम्ही आधीच १/२०० ला गेलेला आहात. मग हाताची थरथर दिसणारच कुठून? म्हणजे हलत्या माणसांसाठी बरोबर शटर ठेवलं की साध्या झूमपर्यंत स्टॅबिलायझरला करायला काही कामच उरत नाही. ज्याच्यासाठी मी आपाचे पैसे घालायला लावले, ते त्या धंद्यात बहुतेक वेळ रिकामंच बसणार होतं.

आपाला हे आकड्यांनी पटलं नसतं, म्हणून घरी करून दाखवलं. तुम्हीही करून बघा, कॅमेरा लागत नाही. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर तो उघडा. फोन पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उभा करा आणि फोटो टायमरवर लावा. थप्पीपेक्षा चांगला स्टॅबिलायझर कोणती कंपनी देणार? समोर टेबलावर एक पुस्तक ठेवा, शेजारी पोराला बसवून हात हलवायला सांगा. शटर १/१५ ठेवा. पुस्तकाचं नाव वाचता येईल, हाताचा पंखा झालेला असेल. मग १/२५० ठेवा. हात साफ येईल, पण फोटो काळोखा किंवा दाणेदार. तो काळोख भरून काढायला मोठं छिद्र लागतं. आपा लगेच म्हणाली, "म्हणजे थांबवायचं माणसाला आहे, आणि आपण घेतलं हात थांबवायचं यंत्र."

एक फुकटचा उपाय त्या दिवशीही होता, तो पोराला कुणी सांगितला नव्हता. आयएसओ १६०० वरून ६४०० केला असता तर १/८० मिळालं असतं. फोटो दाणेदार आला असता, पण चेहरा ओळखू आला असता. दाणे नंतर सॉफ्टवेअरमध्ये कमी करता येतात. पुसलेला चेहरा परत आणणं अवघड, आणि ओढूनताणून आणलाच तर तो भलत्याच माणसाचा वाटतो. त्यामुळं लेन्स कोणतीही असो, हॉलमध्ये शटर आधी ठरवा आणि आयएसओला वर जाऊ द्या.

मोठ्या छिद्राची किंमत

मग भाच्यानं उधार-उसनवार करून ५० मिलिमीटर एफ/१.८ घेतली. छोटी, हलकी, आणि मोठ्या अपर्चरच्या लेन्समध्ये सगळ्यात स्वस्त. त्यात स्टॅबिलायझर नाही. पहिल्याच वलीम्यात त्यानं सगळे फोटो एफ/१.८ ला काढले, आणि नवा घोटाळा.

छिद्र जितकं मोठं तितकी फोकसची खोली कमी. त्या लेन्सनं दोन मीटरवरून फोटो काढला तर एफ/१.८ ला साफ येणारा पट्टा जेमतेम ११ सेंटिमीटरचा असतो. दुल्ह्यानं मान तिरकी केली की एक डोळा साफ, दुसरा पुसट. चार मीटरवरून खानदानाचा ग्रुप फोटो घेतला तर पट्टा सुमारे ४५ सेंटिमीटर. तीन रांगा उभ्या केल्या की पुढं बसलेली पोरं साफ आणि मागच्या रांगेतले दादा-चाचा धूसर. ज्यांनी शादीचा निम्मा खर्च उचलला ते नेमके मागं उभे असतात, हे वेगळं सांगायला नको. ग्रुपला एफ/५.६ ते एफ/८ लागतं. एफ/५.६ ला तोच पट्टा सव्वा मीटरच्या पुढं जातो. रात्री हॉलमध्ये तेवढं छिद्र बारीक केलं तर मग फ्लॅशशिवाय गत्यंतर नाही. त्यापेक्षा घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, की ग्रुप फोटो असर आणि मगरिबच्या मधल्या वेळात बाहेर अंगणात घेऊ. तेव्हाचा उजेड फुकट आहे आणि चेहऱ्यावर मऊ पडतो.

छिद्र लहान-मोठं केल्यानं चित्र बदलतं, हे आपल्याकडं हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी तपासलेलं आहे. सूर्यग्रहणाच्या वेळी छोट्या छिद्रातून पडणारा कवडसा चंद्रकोरीसारखा दिसतो, छिद्र मोठं केलं की कोर पुसली जाते, यावर त्यांनी स्वतंत्र लिखाण केलं. तिथं भिंग नव्हतं, त्यामुळं कारण अगदी हेच नाही. जाता जाता, कॅमेरा हा शब्द अरबीवरून आला असा एक मेसेज दर सहा महिन्यांनी व्हॉट्सॲपवर फिरतो. तो पुढं पाठवू नका. शब्द लॅटिन आहे, अर्थ खोली. आपण घरात जो 'कमरा' म्हणतो, तोही त्याच घराण्यातला, पोर्तुगीजांकडून आलेला. इब्न अल-हैसम यांचं काम एवढं मोठं आहे की त्याला खोट्या व्युत्पत्तीचा आधार लागत नाही.

मग आयएस कुठं कामाला येतो?

जिथं समोरचं हलत नाही आणि ट्रायपॉड लावता येत नाही, तिथं. शाळेची सहल विजापूरला जाते. गोल घुमटाच्या आत उजेड कमी. कमानीपासून वरच्या सज्जापर्यंत सगळं साफ हवं म्हणून छिद्र एफ/८ ला ठेवावं लागतं. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते. तिथं त्याच १८-१३५ नं, हातात धरून, असे फोटो दिले की आमच्या हेडसरांनी फ्रेम करून ऑफिसात लावले. १६५६ पासून उभी असलेली इमारत सेकंदाच्या दहाव्या भागात हलत नाही. तिथं माझी एफ/१.८ निरुपयोगी होती.

लांबची झूम असेल तरही आयएस हवा. २०० मिलिमीटरला हाताची थरथर एवढी वाढते की समोरचं नीट चौकटीत धरणंच मुश्कील होतं. आणि व्हिडिओ. व्हिडिओत शटरचा विषय वेगळा, तिथं हात हलला की बघणाऱ्याला चक्कर येते.

मोबाइललाही हेच लागू. खोक्यावर ओआयएस लिहिलेलं असेल तर ते हेच यंत्र, चिमुकल्या रूपात. एफ/१.८ लिहिलेलं असेल तर छिद्राचं गुणोत्तर तेच, पण सेन्सर फार लहान असल्यानं एकूण उजेड डीएसएलआरइतका येत नाही. मोबाइलचा एफ/१.८ आणि लेन्सचा एफ/१.८ एकाच तराजूत घालू नका.

दुकानात जाताना नावं माहीत असावीत, कारण प्रत्येक कंपनीनं एकाच गोष्टीचं वेगळं बारसं केलंय. कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, सोनी ओएसएस. लेन्सवर एफ/३.५-५.६ असे दोन आकडे असतील तर पहिला झूम न करता, दुसरा पूर्ण झूम केल्यावर. दुकानदार पहिला मोठ्यानं सांगतो, तुम्ही दुसरा वाचा. एकच आकडा, जसं एफ/२.८, असेल तर झूम केल्यावरही छिद्राचा आकडा तोच राहतो, आणि त्याचेच जास्त पैसे घेतात.

सेकंडहँड घेत असाल तर लेन्समधून उजेडाकडं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली तर परत ठेवा. कोकणातून आलेली असेल तर दोनदा बघा. आयएस तपासायला झूम पूर्ण लांब करा, शटरचं बटण अर्धं दाबा आणि एक सेकंद थांबा. व्ह्यूफाइंडरमधलं चित्र तरंगल्यासारखं स्थिर व्हायला हवं. उडी मारत असेल, कडकड वाजत असेल तर यंत्र गेलेलं आहे, आणि दुरुस्तीला लेन्सच्या किमतीइतका खर्च येऊ शकतो.

भाचा आता निकाह आणि रुखसती एफ/१.८ ला घेतो, ग्रुपला एफ/५.६ आणि फ्लॅश, दिवसाच्या कार्यक्रमाला १८-१३५. दुलाभाईंचा तो फोटो मात्र गेला तो गेलाच. त्यांच्या घरी भिंतीवर नानांचा लावलाय.

पुढची भिशी लागली की १७-५० एफ/२.८ घ्यायची असं ठरलं होतं. तिची स्टॅबिलायझरवाली आवृत्तीही येते, पण थोडी महाग. नुसत्या फोटोंसाठी ते जास्तीचे पैसे घालू नकोस, असं मी त्याला सांगितलं होतं. पण परवा आला आणि म्हणाला, "मामू, आता कुणी नुसते फोटो मागतच नाही. प्रत्येकाला रील हवी." त्यामुळं आपा आणि मी पुन्हा हिशोबाला बसलो आहोत.